चौदा दिवसांपैकी सहा

सुजाण वाचकहो, पुढील पानांत मी एका भावाची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची हकीकत निवेदन करणार आहे. तीत मनुष्याच्या जठरात वस्ती करणारा एक जंतू आहे, त्या जंतूशी झगडणारी पेशी आहे, आणि त्या पेशीच्या पोटातील तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका या नावांची इवली इवली अंगके आहेत. त्याचप्रमाणे अर्धेच ऐकलेले एक व्याख्यान आहे, आणि सर्व अनर्थाचे मूळ तेच आहे. हकीकत सुखाची नाही. तथापि ज्यांची ती आहे त्यांच्या अनुमतीने, काही न लपवता, ती सांगण्याचे मी योजिले आहे.

आबाजी पिंगळे हे कर्जतमधील एका महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. राहण्यास भिसेगावात. शिक्षण नववीपर्यंत झालेले. पुढे वडील गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. परंतु काचपट्ट्या धुण्यात, रंग गाळण्यात आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगे मलमलीच्या फडक्याने पुसण्यात सव्वीस वर्षे गेल्यामुळे शास्त्रातील शब्दांशी त्यांचा मोठा सहवास घडला होता. तास चालू असता ते मागील भिंतीशी, हाडांच्या सांगाड्याशेजारी उभे राहत. विद्यार्थी दर वर्षी नवे येत. सांगाडा आणि आबाजी मात्र तेच. कानावर पडलेला प्रत्येक कठीण शब्द ते एका दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेत असत.

या वहीने त्यांना मान मिळवून दिला. भिसेगावातील माणसे रक्ताच्या तपासणीचे कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. "सर, हे बघा जरा, ह्याच्यापुढं बाण काढलाय तो कशाचा?" असे कोणी विचारी आणि आबाजी चष्मा लावून बाणाचा अर्थ सांगत. आपण सर नसून परिचर आहोत, असा खुलासा त्यांनी आरंभी दोनतीन वेळा केला होता. पुढे तो करणे राहून गेले. तो शब्द कानाला गोड लागत होता, हे त्यांनी मागाहून स्वतःच कबूल केले.

सर्वांत अधिक अभिमानाने तो शब्द उच्चारीत असत त्यांच्या भगिनी चंद्राबाई. त्या आबाजींपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. खालापूर तालुक्यात, चौकच्या पलीकडे एका लहानशा गावात त्यांना दिले होते. यजमान निवर्तले होते. मुलगा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जाई, आणि घर, दोन म्हशी व भाताची खाचरे चंद्राबाई आणि त्यांची सून ललिता सांभाळीत. लहानपणी आबाजींना कडेवर घेऊन याच बहिणीने शाळेच्या दारापर्यंत पोहोचवले होते. तिला स्वतःला मात्र त्या दाराच्या आत फार दिवस बसता आले नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढात चंद्राबाईंच्या पोटात, बरोबर छातीच्या पिंजऱ्याखाली, आग पडू लागली. उपाशी पोटी दुखे, दोन घास खाल्ले की थांबे, पुन्हा दुखे. आबाजींनी त्यांना कर्जतच्या डॉक्टरांकडे नेले. दुर्बीण घालून पोट पाहिले गेले. जठरात एक जखम होती आणि तेथे जंतूही सापडला. डॉक्टरांनी जंतू मारणारी दोन औषधे आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, अशी चौदा दिवसांची पाकिटे हाती दिली. "चौदा म्हणजे चौदा. बरे वाटले तरी सोडायचे नाही," असे ते दोनदा म्हणाले. आबाजींनी मान डोलावली.

चंद्राबाईंच्या गोळ्यांचा तो सहावा दिवस होता. महाविद्यालयात त्या दिवशी हर्षला मॅडम पेशीची अंगके शिकवीत होत्या. त्या वयाने तरुण, परंतु विषयात पारंगत. आबाजींना त्या आबाजीकाका म्हणत. फळ्यावर त्यांनी तंतुकणिकेची आकृती काढली.

"ही पेशीची वीजघरे," त्या सांगत होत्या. "पण यांचा पूर्वेतिहास विलक्षण आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी या तंतुकणिका म्हणजे स्वतंत्र जिवाणू होत्या. एका मोठ्या पेशीने त्यांना आत घेतले आणि त्या तिथेच नांदल्या. आजही त्यांच्यात जिवाणूंच्या खुणा दिसतात. म्हणूनच जिवाणूंना मारणारी काही औषधे तंतुकणिकांनाही त्रास देऊ शकतात, असे प्रयोगात आढळले आहे. परंतु... आबाजीकाका, रंगीत खडू संपलेत. जरा आणता का?"

आबाजी गेले. खडूंच्या कपाटाला कुलूप होते, किल्ली लिपिकाकडे होती आणि लिपिक चहाला गेला होता. खडू घेऊन ते परतले तेव्हा घंटा होऊन विद्यार्थी जिना उतरत होते आणि फळा पुसलेला होता. त्यांनी वही काढून जेवढे ऐकले होते तेवढे लिहिले आणि खाली रेघ मारली.

सायंकाळी चंद्राबाईंचा फोन आला.

"आबा, जेवलास का रं?"

"आजून नाय. तुझं कसं हाय, बाय?"

"कसं आसायचं. जिभंवर पितळंची वाटी ठेवल्यावानी वाटतंय. भात पितळ, आमटी पितळ. सकाळी चा केला, त्योबी पितळ. आन पायात तर जीवच नाय. उद्या आमची लावणी हाय, बायका सांगून ठेवल्यात, आन मला उंबरा ओलांडवंना."

मागून ललिताचा आवाज आला. "मामा, त्यांना सांगा घरी बसायला. मी बघते लावणीचं. त्या बांधावर उभ्या राहून नुस्ता हुकूम सोडत्यात, तेवढ्याला घरी बसून फोन केला तरी चालंल."

"ऐकलंस?" चंद्राबाई म्हणाल्या. "सून नाय, फौजदार आणलाय घरात."

आबाजी हसले, आणि मग गंभीर झाले. दुपारचे वाक्य त्यांच्या मनात ताजे होते. बहिणीच्या पायांतील गेलेले बळ आणि फळ्यावरची ती वीजघरे यांचा मेळ त्यांना एकाएकी दिसला, आणि तो आपल्यालाच प्रथम दिसला असे वाटून त्यांना बरेही वाटले.

"बाय, नीट ऐक," ते म्हणाले. "आपल्या अंगात बारीक बारीक पेशी आसतात. परत्येक पेशीत वीजघरं आसतात, आपल्या भिवपुरीला हाय ना, तसली. ती वीजघरं म्हंजे मूळचे जंतूच. तुझी गोळी जंतूला मारती. मग ती वीजघराला सोडंल का?"

"म्हंजे माझी लाईट गेली म्हन की."

"तसंच झालंय."

"मग आता रं?"

"थांबव गोळ्या. सा दिवस झाले, जंतू मेला आसंल. आता ताकद राखायची."

"डाक्टर तर चौदा म्हनलाय."

"ते सगळ्यांनाच चौदा सांगतात, बाय."

"बरं. तू म्हनतोस तर बरोबरच आसंल," चंद्राबाई म्हणाल्या. "तू सर हायेस. आमाला काय कळतंय."

गोळ्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी जिभेची चव परतली, चौथ्या दिवशी पायांत बळ आले, आणि चंद्राबाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून लावणीच्या बायकांवर ओरडू लागल्या. "लाईट आली रं आबा," असा त्यांचा फोन आला तेव्हा आबाजी इतके सुखावले की चहाच्या टपरीवर ती गोष्ट त्यांनी चार माणसांना सांगितली. औषधाचा त्रास औषध थांबल्याने थांबला होता, याहून अधिक त्यात काही नव्हते. हे समजण्यास त्यांना चौदा महिने लागावयाचे होते.

दिवाळीनंतर पोटातील आग पुन्हा पेटली. जानेवारीत दोघे पुन्हा कर्जतला डॉक्टरांपुढे बसले. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला.

"मागे दिलेला कोर्स पूर्ण घेतला होता ना?"

आबाजींनी उत्तर जुळवण्यास आरंभ केला होता, असे ते आजही सांगतात. परंतु ते जुळण्यापूर्वीच चंद्राबाईंनी पदर सावरला आणि त्या सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "व्हय तर. चौदाच्या चौदा."

भिंतीवर जठराचे एक रंगीत चित्र टांगलेले होते. आबाजी त्या चित्राकडे पाहत राहिले. अन्ननलिका, जठर, आद्यांत्र. सारी नावे त्यांना ठाऊक होती. बोलण्याचे एकच वाक्य होते आणि तेवढे त्यांच्या तोंडून निघाले नाही.

"पूर्ण घेतला असेल तर जंतू बहुधा गेला असणार," डॉक्टर म्हणाले. "ही आम्लता असावी. या गोळ्या देतो. तरी खात्रीसाठी पनवेलला ही श्वासाची तपासणी करून घ्या." आणि त्यांनी एक चिठ्ठी लिहून आबाजींच्या हाती दिली.

एसटीची वाट पाहत थांब्यावर बसले असता आबाजी म्हणाले, "बाय, तू खोटं का बोललीस?"

"मग काय तुझं नाव सांगू? त्यो तुला चार शब्द बोलला आसता माझ्यासमोर. त्याला काय ठाव तू कोन हायेस ते." चंद्राबाईंनी पिशवीतून चिक्की काढून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. "खा. तोंड बघ कसं झालंय, परीक्षेत नापास झाल्यावानी."

श्वासाची तपासणी झाली नाही. चंद्राबाई म्हणाल्या, वालाच्या शेंगा तोडणीला आल्यात, मग बघू. वाल निघाले, झोडून झाले, भातरोपांसाठी राब भाजून झाले. आबाजींनी एकदाही आग्रह केला नाही. तपासणीत जंतू निघाला तर तो का उरला हा प्रश्न निघणार, आणि त्याचे उत्तर आपल्यापाशी आहे, हे त्यांना कोठेतरी आत कळत होते. ती चिठ्ठी त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवली. आम्लाच्या गोळ्यांनी आग दबून राहिली, आणि ती दबली म्हणजे विझली अशी समजूत करून घेणे दोघांनाही सोयीचे पडले.

दुसऱ्या वर्षी प्रवेश लांबल्यामुळे अंगकांचा तास सप्टेंबरात आला. आबाजी सांगाड्याशेजारी उभे होते. हर्षला मॅडमनी तंतुकणिका काढली, तोच पूर्वेतिहास सांगितला, औषधांनी त्रास होऊ शकतो इथवर त्या आल्या, आणि फळ्याकडे पाहून म्हणाल्या, "आबाजीकाका, ओले फडके आणता का?"

"मॅडम, हे पुरे झाल्यावर आणतो," आबाजी म्हणाले.

सव्वीस वर्षांत त्यांनी असे उत्तर कधी दिले नव्हते. मॅडमनी नवलाने पाहिले आणि हाताच्या तळव्याने फळ्याचा कोपरा पुसून घेतला.

"परंतु," त्या पुढे म्हणाल्या, "डॉक्टर जेवढ्या मात्रेत आणि जेवढे दिवस ही औषधे देतात, तेवढ्याने आपल्या तंतुकणिका सहसा कोलमडत नाहीत. उलट असा एक जंतू आहे की जो स्वतःच त्यांच्यावर घाला घालतो. तो जठरात राहतो."

आबाजींनी भिंतीला टेकवलेली पाठ सरळ केली.

मॅडम सांगत गेल्या. जठरात इतके तीव्र आम्ल असते की तेथे कोणी जगणार नाही असे वाटावे. परंतु हा मळसूत्रासारखा वळलेला जंतू स्वतःभोवती आम्ल मारणारा अमोनिया तयार करतो, बुळबुळीत थर भेदून आत शिरतो आणि अस्तराच्या पेशींना चिकटतो. मग तो विष सोडतो. ते विष पेशीत शिरले म्हणजे पेशी स्वस्थ बसत नाही. ती त्या विषाभोवती पातळ पडद्याची पिशवी विणते आणि ती पिशवी लयकारिकेकडे धाडते. लयकारिकेत पाचक रस असतात; नको असलेले सर्व तेथे पचून जाते.

"पहिले काही तास पेशीच जिंकत असते," मॅडम म्हणाल्या. "पण जंतू जात नाही आणि विष थांबत नाही. दिवसामागून दिवस तेच. मग पिशव्या तुंबतात, त्यांत पाणी भरते, फुगून मोठमोठ्या रिक्तिका होतात. लयकारिकांचे रस मंदावतात. माल आत येतो, पण पचत नाही. आणि त्या न पचलेल्या पिशव्यांतच काही जंतू दडून बसतात. पेशीने ज्याला गिळायला घेतले, त्यालाच तिच्या घरात आसरा मिळतो."

"आणि तंतुकणिका, मॅडम?" पहिल्या बाकावरील सुरभी नावाच्या मुलीने विचारले.

"विषाचा काही अंश थेट तिथे पोहोचतो. त्यांचे तुकडे पडतात, वीज थांबते, आणि फुटलेल्या तंतुकणिकेतून असे पदार्थ बाहेर येतात की साऱ्या पेशीला मरण्याचा हुकूम सुटतो. अशा पेशी मरत गेल्या की जखम होते."

"मॅडम, वडापावनं होतो का हा?" मागून ऋतिक नावाच्या मुलाने विचारले. "म्हणजे आत्ताच दोन खाल्लेत." वर्ग हसला.

"वडापावने नाही. दूषित पाण्यातून, उष्ट्यातून, घरातल्या घरात पसरतो. आणि बरा होतो, फक्त औषध शेवटच्या दिवसापर्यंत घ्यायचे. मध्येच सोडले तर जे जंतू उरतात ते चिवट असतात. पुढच्या वेळी तेच औषध त्यांच्यावर चालेलच असे नाही."

आबाजी फडके आणण्यास गेले नाहीत. ते तेथेच उभे होते. वीजघरे तोडणारा तो जंतू होता. आपण वीजघरांच्या रक्षणाचा आव आणला आणि अभय दिले ते जंतूला. बहिणीच्या पेशी सहा दिवस औषधाच्या साहाय्याने जिंकत आल्या होत्या, आणि सातव्या दिवशी त्यांचे साहाय्य तिच्या सख्ख्या भावाने काढून घेतले होते. वर्ग रिकामा झाला तेव्हा हर्षला मॅडम जवळ आल्या.

"काका, काय झाले? घाम आलाय तुम्हाला."

"मॅडम, मला अर्ध्या दिवसाची रजा हवी," आबाजी म्हणाले.

कर्जत-पनवेल एसटीने ते चौक फाट्यावर उतरले आणि तेथून रिक्षाने बहिणीच्या घरी पोहोचले. चंद्राबाई ओटीवर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. भावाला पाहून त्या उठू लागल्या आणि पुन्हा बसल्या.

"आज कसा काय रं? कालेज बुडवून आलास?"

"पोट कसं हाय?"

"पोट गप हाय. नुसती चक्कर येती."

ललिता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने सासूकडे पाहिले, मग आबाजींकडे. "मामा, चार दिवस झाले, ह्यांना काळं होतंय. डांबरावानी. मी म्हनलं मामांना फोन करते, तर मला म्हनत्यात, नाचणीची भाकर खाल्ली म्हनून तसं होतंय."

"ललिते, सगळं सांगायचं नसतं गं पुरुषमाणसाला."

"ते पुरुषमाणूस नायत, सर हायेत," ललिता म्हणाली. एरवी या उत्तरावर हशा झाला असता.

काळे शौच म्हणजे पोटात रक्त. एवढे आबाजींच्या वहीत होते. शेजारच्यांच्या टेंपोत पुढे बसवून त्यांनी बहिणीला कर्जतला आणले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, पनवेलच्या रुग्णालयात फोन केला, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर न करता विचारले, "पहिला कोर्स पूर्ण झाला होता, बरोबर?"

"व्हय. पुरा," चंद्राबाई म्हणाल्या. आवाज क्षीण होता तरी उत्तर तेच होते.

"नाही, डॉक्टर," आबाजी म्हणाले. "सहा दिवस घेतला. मी थांबवला."

लेखणी थांबली. "तुम्ही कोण यांचे?"

"धाकटा भाऊ."

"वैद्यकीय क्षेत्रात आहात?"

"नाही. कॉलेजात शिपाई आहे."

चंद्राबाईंनी मान फिरवली. शिपाई हा शब्द आपल्या भावाच्या तोंडून त्यांनी प्रथमच ऐकला होता. काही बोलण्यासाठी त्यांनी हात उचलला, परंतु तेवढे बळ नव्हते. हात पुन्हा मांडीवर पडला.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे आबाजींना वाटत राहिले. "हे मला जानेवारीत सांगायला हवे होते," एवढेच ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर एक ओळ खोडून त्यांनी दुसरी लिहिली.

पनवेलला रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. दुर्बिणीतून जखमेतील रक्तस्राव थांबवण्यात आला. पहिल्या औषधाने अर्धवट मारलेला जंतू तेथेच नांदत होता. पुन्हा तेच औषध चालणार नाही असे समजून तेथील डॉक्टरांनी दुसरी औषधे योजली. अस्तराचे चारपाच कण तपासणीसाठी घेतले गेले. तिसऱ्या दिवशी ललिता आधार कार्ड घेऊन आली. कार्ड ज्या बिस्किटांच्या डब्यात असे, त्याच डब्यात तिला आणखी एक वस्तू सापडली होती. ती तिने काही न बोलता आबाजींच्या हाती दिली.

दिनदर्शिकेच्या पानात गुंडाळलेली ती गोळ्यांची पाकिटे होती. सहा दिवसांच्या जागा फुटलेल्या, आठ दिवसांच्या जशाच्या तशा. वर दोरा बांधलेला.

आबाजी खाटेशेजारी बसले. "बाय, ह्या कशाला ठेवल्यास गं?"

चंद्राबाईंनी पाकिटाकडे पाहिले. "तू परत घे म्हनला आसतास तर?" त्या म्हणाल्या. "मग आयत्या येळी कुठं शोधायच्या? म्हनून ठेवल्या."

चौदा महिने ती बहीण आबाजींच्या एका शब्दासाठी थांबलेली होती. नुसते "घे" म्हटले असते आणि डॉक्टरांना खरे सांगितले असते, तर काय काय टळले असते, याचा विचार ते खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून करीत राहिले.

"बाय, माझं चुकलं. मला अर्धंच ठाऊक होतं."

"मला कुठं पाव तरी ठाऊक व्हतं," चंद्राबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, छताकडे पाहत, त्या म्हणाल्या, "शिपाई कशाला म्हनलास रं त्याच्यापुढं? काय गरज व्हती?"

"खरं तेच म्हनलो."

"खरं आसलं म्हनून काय झालं."

यावेळी चौदा दिवस पूर्ण झाले. ललिता गोळी तळहातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे. फौजदार हे नाव तिने सार्थ केले. पाच आठवड्यांनी श्वासाची तपासणी झाली. जंतू गेला होता. त्या दिवशी चंद्राबाईंनी तांदळाची खीर केली आणि भिसेगावास डबा पाठवला.

परंतु अस्तराच्या कणांचा अहवाल वेगळे सांगत होता. जठराच्या एका भागातील पेशींनी आपले रूप टाकून आतड्याच्या पेशींचे रूप घेतले होते. आज तो कर्करोग नव्हे, कदाचित कधी होणारही नाही. तथापि काही जणांत त्याची वाट तेथून जाते, म्हणून ठरावीक वर्षांनी दुर्बीण घालून पाहत राहावे लागेल, असे कर्जतच्या डॉक्टरांनी समजावले.

"त्या चौदा महिन्यांमुळे झाले का हे?" आबाजींनी विचारले.

"सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "असे बदल व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. आधीपासूनही असेल. पहिल्या वेळी या भागातला कण घेतला नव्हता." त्यांनी अहवाल मिटून ठेवला. "कुणीच सांगू शकणार नाही."

दोष निश्चित झाला असता तर आबाजींनी तो उचलला असता. निर्दोष ठरले असते तर निजेला जागा मिळाली असती. दोहोंपैकी एकही त्यांच्या वाट्याला आले नाही.

दुसरे मत घेण्यासाठी रुग्णालयाने अस्तराच्या कणांची काचपट्टी दिली होती. ती घेऊन आबाजी एके दुपारी प्रयोगशाळेत हर्षला मॅडमकडे गेले आणि सारी हकीकत, खडूंच्या कपाटापासून आरंभ करून, त्यांनी उभ्याउभ्या सांगितली.

"तो खडू मीच मागितला होता ना," मॅडम म्हणाल्या.

"खडूचा दोष नाही, मॅडम. मी परत येऊन पुढचे विचारायला हवे होते. मी वहीत रेघ मारली."

मॅडमनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, भिंग जुळवले आणि त्यांना स्टुलावर बसवले. सव्वीस वर्षे जी भिंगे त्यांनी पुसली, त्यांतून पाहण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला होता. गुलाबी आणि जांभळ्या रंगांची गर्दी दिसली. मधूनमधून पेल्याच्या आकाराच्या फिकट, पोकळ भासणाऱ्या पेशी होत्या.

"त्या फिकट दिसतात ना," मॅडम म्हणाल्या, "त्या आतड्यात असतात. जठरात नसायला हव्यात."

"आणि वीजघरे?"

"ती या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, काका. फार लहान असतात."

आबाजी पाहत राहिले. ज्या पेशींनी चौदा महिने पिशव्या विणल्या, ज्यांची वीज गेली, ज्या मेल्या, आणि ज्या मरण्याऐवजी रूप पालटून उरल्या, त्या त्यांच्या बहिणीच्या होत्या. कडेवर घेऊन शाळेत पोहोचवणारी ती बहीण त्या काचेवर नखाएवढ्या जागेत पसरली होती.

"या मागे फिरतील का, मॅडम?"

"काही फिरतात. काही नाही फिरत. जंतू गेलाय, ते चांगले झाले. आपण पाहत राहायचे."

त्यांनी उठून काचपट्टी काढली, मलमलीच्या फडक्याने कडा पुसल्या आणि कागदात गुंडाळली. ते फडके तेवढ्या हळुवारपणे त्यांनी कोणत्याही काचेवरून कधी फिरवले नव्हते.

आता भिसेगावात कोणी बाणाचा अर्थ विचारण्यास आले तर आबाजी त्याला घेऊन स्वतः डॉक्टरांच्या दारापर्यंत जातात आणि बाहेर बाकावर बसून राहतात. सर म्हणू नका, असे ते सांगतात. माणसे ऐकतात. चंद्राबाई तेवढ्या ऐकत नाहीत. परवा चौक फाट्यावर एका ओळखीच्या बाईला त्या सांगत होत्या, "ह्यो माझा भाऊ. कालेजात सर हाय." आबाजी मान खाली घालून शेजारी उभे होते. डब्यातील ती आठ दिवसांची पाकिटे त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यात, पनवेलच्या त्या न वापरलेल्या चिठ्ठीपाशी ठेवली आहेत. वहीत त्यांनी पुढे काही लिहिले नाही.

वाचकहो, हकीकत येथे संपली. माझे स्वतःचे शिक्षणही बेताचेच. शास्त्रीय शब्द मी आबाजींच्या त्याच वहीवरून घेतले असून मॅडमकडून तपासून घेतले आहेत. काही उणे राहिले असेल तर ते माझे समजावे. आपण अखेरच्या ओळीपर्यंत सोबत केलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
मनोज बाळाराम विरले
मुक्काम शेलू, तालुका कर्जत